रेस, बायोव्हार, फायलोटाइप: तिन्ही ‘प्रकार’च का?

प्रश्न असा: वांगी-टोमॅटोच्या जिवाणूजन्य मर रोगावरच्या मराठी मजकुरात तो रोग करणाऱ्या राल्स्टोनिया या जिवाणूच्या रेस, बायोव्हार आणि फायलोटाइप या तिन्हींना ‘प्रकार’ म्हटलंय. चालेल का?

नाही. या तीन वेगळ्या कसोट्या आहेत. रेस ठरते ती कोणतं पीक बळी पडतं त्यावरून: पहिलीत टोमॅटो, वांगी, तंबाखू; दुसरीत केळी; तिसरीत मुख्यतः बटाटा. त्यामुळे ‘वंश’ हा कोशातला प्रतिशब्द इथे उलट दिशाभूल करतो.

बायोव्हार हे रसायनाचं काम. १९६४ साली हेवर्ड यांनी तीन द्विशर्करा (लॅक्टोज, माल्टोज, सेलोबायोज) आणि तीन शर्करा-अल्कोहोल (मॅनिटॉल, सॉर्बिटॉल, डल्सिटॉल) घेऊन ही विभागणी केली. जिवाणूने आम्ल तयार केलं की ब्रोमोथायमॉल ब्लू घातलेलं हिरवट माध्यम पिवळं पडतं. एकही नळी पिवळी नाही तर बायोव्हार १, फक्त शर्करांच्या झाल्या तर २, सगळ्या झाल्या तर ३, फक्त अल्कोहोलच्या झाल्या तर ४. शर्करा आणि एकटं मॅनिटॉल, तर ५ (हा नंतर जोडला गेला). गफलत बहुधा माल्टोजमध्ये होते. ऑटोक्लेव्हच्या (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) उष्णतेने ते फुटून ग्लुकोज सुटतं आणि नळी उगाच पिवळी होते. म्हणून शर्करांची १० टक्के द्रावणं सूक्ष्मगाळणीने निर्जंतुक करायची, माध्यमात १ टक्का ठेवायची. बिनसाखरेची नळी शेजारी हवीच.

फायलोटाइप मात्र खरोखर वंशाचा, म्हणजे डीएनएतल्या नात्यावरून ठरणारा: ही विभागणी फेगन आणि प्रायर यांची, २००५ ची. पीसीआरमध्ये (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढणाऱ्या चाचणीत) २८० बेसजोड्यांचा पट्टा चारही फायलोटाइपमध्ये येतो. सोबत १४४ चा दिसला तर पहिला, ३७२ चा दुसरा, ९१ चा तिसरा, २१३ चा चौथा. २८० चाच नसेल तर बाकीचे वाचू नयेत. २०१४ मध्ये याच आधारावर जातीही वेगळ्या झाल्या: दुसरा फायलोटाइप सोलॅनासिएरम, पहिला-तिसरा स्यूडोसोलॅनासिएरम, चौथा सिझिजाय.

लिहिताना खरा घोळ आकड्यांचा. मूळ लेखनात फायलोटाइपला रोमन आकडे असतात, बायोव्हारला साधे. मराठीत दोन्ही ‘प्रकार २’ झाले, की वाचणारा ते एकच समजतो. बायोव्हार ३ आणि ४ दोन्ही पहिल्या फायलोटाइपमध्ये सापडतात, म्हणजे एकावरून दुसरा काढताही येत नाही. तेव्हा ‘बायोव्हार ३’ आणि ‘फायलोटाइप पहिला’ असंच लिहावं.