‘दुष्काळसदृश’ म्हणजे नक्की काय? सरकार सरळ दुष्काळ का म्हणत नाही?

माझ्या मते बहुतेक वेळा ही जबाबदारी पातळ करणारी भाषा असते. नापिकी तर मान्य करायची, पण पूर्ण मदतीचं बंधन अंगावर घ्यायचं नाही. 2016 सालीच पाहा. मराठवाडा टँकरवर जगत होता, लातूरला रेल्वेने पाणी येत होतं, तरी कागदावर ‘दुष्काळसदृश परिस्थिती’च होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यावर मे महिन्यात शासनाने कळवलं, की ‘दुष्काळसदृश’ऐवजी ‘दुष्काळ’ असं वाचावं. पाऊस तोच, रानं तीच. मग आधी काय अडत होतं?

एक मात्र मान्य करायला हवं, की दर वेळी यात लबाडीच असते असं नाही. 2023 मध्ये केंद्राच्या निकषांनुसार 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला (आपल्या मराठवाड्यातले मंठा, वडवणी, वाशी त्यात होते) आणि उरलेल्या भागातली 1021 महसूल मंडळं (तालुक्यातल्या काही गावांचा मिळून एक गट) ‘दुष्काळसदृश’ ठरली. त्या मंडळांना जमीन महसुलात सूट, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपांच्या वीजबिलात 33.5 टक्के सवलत, परीक्षा शुल्कमाफी मिळणार असं आदेशात स्पष्ट लिहिलेलं होतं.

म्हणून नेत्याचं भाषण बाजूला ठेवून शासन निर्णयच वाचा आणि एवढं तपासा:
- तुमचं मंडळ यादीत आहे का
- कोणती सवलत, किती दिवस
- थेट रक्कम लिहिली आहे, की नुसतं ‘सकारात्मक विचार करू’

तिसऱ्याचं उत्तर मोघम असेल तर तलाठ्याकडे आणि तहसीलमध्ये लेखी विचारा. तोंडी आश्वासनाचा पुढे काही उपयोग होत नाही.