वाचकांचे प्रश्न : लेखाचे पैसे भरण्यापूर्वी

प्रश्न : मी सोलापुरातील एका खासगी महाविद्यालयात फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझे वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात आणि सुताच्या धुळीचा कामगारांच्या फुप्फुसांवर होणारा परिणाम हाच माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. ‘पबमेड’ या वैद्यकीय संशोधनलेखांच्या संकेतस्थळावर लेख सापडतात, परंतु सारांशाच्या पुढे जायचे म्हटले की चाळीस डॉलर मागतात. आमच्या ग्रंथालयाकडे त्या नियतकालिकांची वर्गणी नाही. हे लेख रीतसर आणि विनामूल्य कोठे वाचता येतील?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : आपण ज्या पानावर अडलात ते प्रकाशकाचे पान आहे. त्याच लेखाची प्रत अन्यत्र मोफत ठेवलेली असू शकते, म्हणून पैसे भरण्यापूर्वी ती शोधावी.

‘पबमेड’ आणि ‘पबमेड सेंट्रल’ या नावांत नेहमी गल्लत होते. पहिली केवळ लेखांची सूची आहे. दुसरे, २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने सुरू केलेले, संपूर्ण लेखांचे मोफत भांडार आहे. ‘पबमेड’वर शोध घेतल्यावर डावीकडच्या पट्टीत ‘फ्री फुल टेक्स्ट’ या पर्यायावर खूण केली, की विनामूल्य लेख तेवढे उरतात. आपल्या विषयाला या भांडाराचा विशेष उपयोग आहे, कारण १९४४ ते १९९३ या काळात या नावाने निघालेल्या ‘ब्रिटिश जर्नल ऑफ इंडस्ट्रियल मेडिसिन’चे जुने अंक तेथे आहेत आणि सुताच्या धुळीने होणाऱ्या ‘बिसिनोसिस’ या विकाराविषयीचे पायाभूत लेखन त्यांत आढळते. भारतीय कामगारांसाठी ‘इंडियन जर्नल ऑफ ऑक्युपेशनल अँड एन्व्हायर्न्मेंटल मेडिसिन’ अवश्य चाळावे. तेही मुक्त, म्हणजे कोणालाही विनामूल्य वाचता येणारे, आहे.

शोधशब्दांबाबत मात्र थोडे हट्टी व्हावे लागेल. ‘पॉवरलूम’ हा शब्द इंग्रजीत कोणी जोडून लिहितो, कोणी तोडून. जुन्या कागदपत्रांत तर आपले सोलापूरच ‘शोलापूर’ असते. एकाच स्पेलिंगवर थांबलात तर उरलेले लेख नजरेतूनच निसटतील. ‘बिसिनोसिस’, ‘कॉटन डस्ट’ आणि ‘टेक्स्टाइल वर्कर्स’ हे तिन्ही शब्द वेगवेगळे वापरून पाहावेत.

तरीही लेख अडला, तर त्याचे पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत घालून ‘गूगल स्कॉलर’ या संशोधनलेख शोधण्याच्या गूगलच्या सेवेवर शोधावे आणि नोंदीखालचा ‘ऑल व्हर्जन्स’ हा दुवा उघडावा. लेखकाने आपल्या विद्यापीठाच्या संग्रहात ठेवलेली प्रत अनेकदा तेथेच हाती लागते. ‘अनपेवॉल’ हे ब्राउझरला जोडायचे विनामूल्य साधन हीच शोधाशोध आपणहून करते. २०२५ पासून लागू झालेली संशोधन-नियतकालिके वाचण्यास उपलब्ध करून देणारी केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना सरकारी संस्थांसाठी असल्याने खासगी महाविद्यालयातून तिचा लाभ आपल्याला मिळणार नाही. तथापि शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून वाचण्याची मुभा मिळते का, हे आपल्या मार्गदर्शकांचे पत्र घेऊन विचारण्यास हरकत नाही.

एक सावधगिरी : मोफत म्हणजे विश्वासार्ह, असे नव्हे. लेखकांकडून पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिकेही आहेत. अनोळखी नावाचे मुक्त नियतकालिक ‘डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स’ या पारखून घेतलेल्या मुक्त नियतकालिकांच्या यादीत आहे का, ते पाहावे.

शेवटचा उपाय जुनाच आहे. लेखाच्या नोंदीत अनेकदा पत्रव्यवहारासाठी नेमलेल्या लेखकाचा ईमेल असतो. त्यावर दोन ओळींत आपला प्रकल्प सांगून प्रत मागावी. बहुतेक संशोधकांना आपला लेख कोणी वाचू इच्छिते याचा आनंदच होतो. उत्तर न आल्यास आठवड्याने सहलेखकाला लिहावे.