पूर रोखायचा म्हणून धरण रिकामं ठेवलं तर मासे आणि पक्षी कसे जगणार?

तुम्ही विचारलंय की वैनगंगेवरच्या गोसीखुर्दसारख्या धरणात पुरासाठी किती जागा ठेवावी आणि मासे-पक्ष्यांसाठी किती पाणी. पातळीचा आकडा मी देणार नाही. मासे पातळीमुळे मरत नाहीत, पाणी भरभर चढवल्या-उतरवल्यामुळे मरतात. बैठकांमध्ये हे सांगितलं की एकच ऐकू येतं, "मग काय मासे वाचवायला गावं बुडवू?" हे उत्तर नाही, समोरच्याचं तोंड बंद करायची तऱ्हा आहे.

हिशेब करून पाहा. पाणपसारा 50 चौरस किलोमीटर धरा. वरून येवा, म्हणजे नवं पाणी, येत नसताना पातळी रोज 10 सेंटीमीटर उतरवायला 5 दलघमी (दशलक्ष घनमीटर) सोडावं लागतं, म्हणजे चोवीस तास सलग 58 घनमीटर प्रतिसेकंद, साधारण 2,050 क्युसेक. आठवड्यात 70 सेंटीमीटर, 35 दलघमी जागा मोकळी होते. तीच जागा एका दिवसात करायची तर विसर्ग 405 घनमीटरवर जातो. भरल्या वैनगंगेला हे काहीच नाही, पण जूनच्या सुकलेल्या पात्रात एवढं पाणी एकदम आलं तर रेतीवरचं काहीच उरत नाही. नदी सुरय हा पक्षी तिथेच, उघड्या रेतीवर अंडी घालतो. मार्च ते मे हा त्याचा काळ, आणि उशिराची पिल्लं जूनच्या सुरुवातीलाही उडण्याजोगी नसतात. म्हणून जागा करायची तर आधीपासून, रोज थोडी.

खरी हानी मात्र दरवाजे उघडताना नाही, बंद करताना होते, आणि तिकडे कोणी पाहत नाही. विसर्ग वाढला की खालच्या नदीतले मासे काठाच्या नाल्यांत, खोलगट जागांत शिरतात. पूर ओसरला, वरून निरोप आला, की सगळे दरवाजे अर्ध्या मीटरवरून एकदम शून्यावर. नदी तासाभरात खाली बसते आणि नाल्यातला मासा नाल्यातच राहतो. दुसऱ्या दिवशी डबकं तापतं, प्राणवायू संपतो, मग कावळे आणि कुत्री. यावर खर्च शून्य आहे. दरवाजे 10-10 सेंटीमीटरने खाली घ्यायचे, कडेचे आधी, मधले शेवटी, दोन्ही बाजू सारख्या. पुढच्या पुलाजवळच्या मोजपट्टीवर पाणी तासाला 10 सेंटीमीटरहून जास्त उतरताना दिसलं की थांबायचं. ऑपरेटरला रात्रभर जागावं लागतं, एवढाच त्रास.

धरणाच्या वरच्या अंगालाही तेच. रोहू, कतला, मृगळ पहिल्या मोठ्या लोंढ्याबरोबर नदीत वर चढून अंडी घालतात. अंडी 15 ते 18 तासांत फुटतात, पण पिल्लं पुढे कित्येक आठवडे बुडालेल्या गवतातच वाढतात. जुलैत पातळी दोन दिवसांत मीटरभर खाली घेतली की ते गवत उघडं पडतं. मरळ तर काठच्या पाणवनस्पतीतच विणते.

उन्हाळ्यात दुसरी भानगड. पाणी सांडव्याच्या माथ्याखाली गेलं की ते तळाच्या विमोचकातूनच, म्हणजे तळाशी असलेल्या झडपेतूनच, सोडावं लागतं. ते तळाचं पाणी काळपट, सडक्या अंड्यासारख्या वासाचं, प्राणवायू जवळपास नसलेलं. गोसीखुर्दमध्ये नाग नदीतून नागपूरचं सांडपाणी येतं, त्यामुळे आणखी वाईट. पहाटे नदीतला प्राणवायू आधीच सर्वांत कमी असतो, त्यात हे सोडलं की मासे वर तोंड काढतात. सोडायचंच तर दुपारी, थोडं थोडं वाढवत.

आणि आता आमचा जुना वाद. मत्स्यबीज जुलैत सोडायचं, असं आमच्याकडच्या मच्छीमार संस्थेचा एक जुना पदाधिकारी आजही म्हणतो. काहून? तर बीज तेव्हा स्वस्त मिळतं. दरवाजे उघडे असताना टाकलेलं इवलं बीज सांडव्यावरून खाली जातं, उरलेलं मोठे मासे खातात. मग वर्षअखेर ओरड, की जलसंपदा विभागाने पाणी सोडलं म्हणून उत्पन्न नाही! बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, 80 ते 100 मिलिमीटरची घ्या आणि दरवाजे बसल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात सोडा. नग कमी येतील, हाती जास्त लागतील. यात विभागाचा दोष नाही, हे मला त्या बाबाला लेखी द्यायचं आहे.

सारसांचं विचारलंत, तर ते गोंदियाकडे धानाच्या बांध्यांत आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या उथळ कडेला घरटं करतात. मोठ्या धरणाच्या दरवाजांशी त्यांचा संबंध थोडा, गाळ काढणाऱ्या पोकलेनशी जास्त. तलाव खोल करून पुराचं पाणी धरता येतं, मान्य, पण मध्ये खणा. काठ उभे कापले तर देवधान (रानटी भात) जातं, उथळ पाणी जातं आणि वर बेशरमाची झुडपं माजतात.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. मोठ्या पुरात यातलं काहीच लागू नाही. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी आलं, गोसीखुर्दचे 33 च्या 33 दरवाजे उघडले, भंडारा शहरात पाणी शिरलं. तेव्हा माशाचा विचार कोणी करू नये, मीही करत नाही. पण पूर ओसरल्यावर दरवाजे कसे बसवायचे, ते तेव्हाही हातातच असतं.

तुमच्या भागात मासे मेले असतील तर दरवाजा परिचलनाची (दरवाजे कधी, किती उघडले-मिटले याची) नोंदवही माहितीच्या अधिकारात मागा, तासावार, आणि मासे मेल्याची तारीख तिच्याशी ताडून पाहा.