‘साहित्यचोरी’ की ‘वाङ्मयचौर्य’?

बडोद्याच्या एका वाचकांचा प्रश्न असा: विभागाच्या मराठी संशोधनपत्रिकेत ‘लेखकांसाठी सूचना’ छापायच्या आहेत. प्लेजिअरिझमसाठी, म्हणजे दुसऱ्याचं लेखन किंवा कल्पना आपली म्हणून देण्यासाठी, मसुद्यात ‘साहित्यचोरी’ लिहिलं आहे. एक सहकारी म्हणतात ‘वाङ्मयचौर्य’ हवं, दुसरे म्हणतात रसायनशास्त्राच्या निबंधाला वाङ्मय कसं म्हणायचं? शिवाय छापून झालेल्या निबंधाचं रिट्रॅक्शन झालं, म्हणजे गंभीर दोषामुळे तो पत्रिकेने मागे घेतला, तर ‘निबंध रद्द केला’ असं लिहिलेलं चालेल का?

‘साहित्यचोरी’ आधी काढा. तो गुजरातीत रुळलेला शब्द आहे, तिथे त्यात काही चूक नाही. बडोद्यात दिवसभर दोन्ही भाषा कानावर असतात, त्यामुळे तो मराठी मसुद्यात सहज उतरतो. पण मराठीत साहित्य म्हणजे सामानसुद्धा. पूजेचं साहित्य, पाककृतीच्या वर लिहिलेलं ‘साहित्य’, बांधकामाचं साहित्य. ‘बांधकाम साहित्याची चोरी’ असं वर्तमानपत्रात येतं तेव्हा सळ्या आणि सिमेंट गेलेलं असतं. नियमावलीतल्या शब्दाला असा दुसरा अर्थ चिकटलेला नसावा.

वाङ्मय म्हणजे फक्त कथा-कविता, हा समज अलीकडचा. वाच् आणि मय मिळून झालेला हा शब्द. जे जे वाणीचं बनलेलं ते वाङ्मय. म्हणून तर आपण कोशवाङ्मय, शास्त्रीय वाङ्मय असं सहज म्हणतो. रसायनशास्त्राचा निबंध त्यात बसतो. फक्त छापताना जपा: ‘वाड्मय’ ही चूक फार दिसते. तिथे ड नाही, ङ आहे. आधी च् चा क् आणि मग पुढच्या म-मुळे क् चा अनुनासिक ङ् झाला आहे.

पण हा शब्द तुम्हाला पुरेल का? इथे तुमच्याच गावात छापलेला एक ग्रंथ उपयोगी पडतो. संस्कृत कवी आणि काव्यशास्त्रकार राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ 1916 साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतला पहिला ग्रंथ म्हणून निघाली. मूळ ग्रंथ दहाव्या शतकाच्या आसपासचा. दुसऱ्याच्या रचनेतून घेण्याला राजशेखर ‘हरण’ म्हणतो आणि त्याचे दोन भाग करतो: शब्दहरण आणि अर्थहरण. शब्दहरण एका पदापासून अख्ख्या प्रबंधापर्यंत पाच पायऱ्यांचं. अर्थहरणात पहिला प्रकार ‘प्रतिबिंबकल्प’: अर्थ सगळा तोच, फक्त वाक्यरचना वेगळी. त्यापुढे ‘आलेख्यप्रख्य’: थोडे संस्कार करून तीच वस्तू निराळी भासवलेली. कवींच्या बाबतीत काही हरण त्याला मान्य आहे, संशोधनात ती सवलत नाही. कारण इथे प्रत्येक विधान कुठून आलं हे वाचकाला माग काढून तपासता आलं पाहिजे. पण शब्द आणि अर्थ हा त्याचा भेद इथेही नेमका लागू पडतो. गुजराती प्रबंधातलं प्रकरण मराठीत उतरवून मूळ लेखकाचं नाव गाळलं, तर एकही शब्द सारखा सापडणार नाही आणि तरी ते पूर्ण चौर्य आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमातही व्याख्या केवळ मजकुराची नाही. दुसऱ्याचं काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून मांडणं, अशी आहे. तेव्हा सूचनेत ‘वाङ्मयचौर्य’ लिहा आणि लगेच पुढे खुलासा करा: ‘म्हणजे दुसऱ्याचा मजकूर, अनुवाद, कल्पना, तक्ता, आकृती किंवा विदा (डेटा) श्रेय न देता स्वतःची म्हणून देणे.’ या अर्ध्या ओळीने रसायनशास्त्राचा आक्षेपही मिटतो.

सगळ्यात जास्त घोटाळा टक्क्यांचा. ‘माझं प्लेजिअरिझम 14 टक्के आलं’ हे वाक्य विभागांत रोज ऐकू येतं आणि ते चूक आहे. संगणक मोजतो ते साम्य. आयोगाचे स्तरही साम्याचेच आहेत: 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही, मग 10 ते 40, 40 ते 60 आणि 60 च्या वर. अवतरणचिन्हांत घेऊन श्रेय दिलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, प्रमाणित चिन्हं आणि समीकरणं मोजणीतून वगळायची असतात. सर्वज्ञात किंवा योगायोगाने जुळणारे सलग 14 शब्दांपर्यंतचे तुकडेही. ही वगळणी न करता अहवाल काढला की आकडा फुगतो आणि निर्दोष लेखक घाबरतो. उलट 6 टक्के साम्यात कुणाचा तरी मुख्य निष्कर्ष जसाच्या तसा बसलेला असू शकतो. म्हणून सूचनेत ‘साम्य अहवाल जोडावा’ असं लिहा, ‘वाङ्मयचौर्य अहवाल’ नको. साम्य यंत्र दाखवतं. चौर्य आहे की नाही, हे अहवाल वाचून माणसाने ठरवायचं.

स्वतःचाच जुना निबंध पुन्हा छापण्याला ‘आत्मचौर्य’ म्हणू नये. आपल्याच वस्तूची चोरी होत नाही. इथे फसवणूक होते ती संपादकाची आणि वाचकाची. मराठीत यासाठी नेमका शब्द तयार आहे: दुबार. दुबार पेरणी, दुबार नाव, तसंच दुबार प्रकाशन. एकाच वेळी दोन पत्रिकांकडे पाठवलं तर दुबार सादरीकरण. एका अभ्यासाचे मुद्दाम चार निबंध केले तर ‘तुकडे पाडून प्रकाशन’. निरीक्षणं मुळात घेतलीच नसतील तर ‘बनावट विदा’, घेऊन बदलली असतील तर ‘विदेत फेरफार’. हे दोन आरोप वेगळे आहेत, त्यांचे पुरावेही वेगळे. दोन्हींना ‘गैरप्रकार’ म्हणून एकत्र बांधलं तर चौकशी समितीने नेमकं काय तपासायचं, हेच कळत नाही.

आता ‘रद्द’. रद्द केलेलं तिकीट उरत नाही. रिट्रॅक्ट झालेला निबंध मात्र जागेवरच राहतो, राहिलाच पाहिजे. त्यावर ठळक खूण येते आणि स्वतंत्र सूचना त्याला जोडली जाते. प्रकाशन-नीतीसाठी 1997 साली स्थापन झालेल्या ‘कोप’ या समितीच्या मार्गदर्शनानुसार या सूचनेत निबंध कोण मागे घेतंय आणि का, हे सांगावं लागतं, आणि ती सर्वांना विनामूल्य वाचता यावी लागते. निबंधच नाहीसा केला, तर आधी त्याचा हवाला दिलेल्यांना काय झालं ते कधी समजणार नाही. म्हणून ‘मागे घेतलेला निबंध’ हेच म्हणा. मात्र छापण्याआधी लेखकाने हस्तलिखित काढून घेतलं तर त्यालाही आपण ‘मागे घेतलं’ म्हणतो, आणि तिथे काही दोष असतोच असं नाही. त्या प्रसंगी ‘हस्तलिखित परत घेतले’ लिहा, म्हणजे लेखकावर विनाकारण डाग बसणार नाही. किरकोळ चुकीला शुद्धिपत्र पुरतं (एकटा शब्द ‘शुद्धी’, पण समासात धि ऱ्हस्व). चौकशी चालू असताना द्यायची ती ‘सावधसूचना’.

सूचनेचा नमुना असा ठेवता येईल: ‘तक्ता 2 मधील विदेत फेरफार झाल्याचे चौकशीत सिद्ध झाल्याने हा निबंध संपादक मागे घेत आहेत. लेखकांपैकी दोघांची यास संमती आहे. तिसऱ्या लेखकांकडून उत्तर आलेले नाही.’ यात ‘काही तांत्रिक कारणास्तव’ हे शब्द कुठेही घालू नका.