पाया पडतो, मग कायदा कशाला?

प्रिय चिऊ,

"आपण आजी-आजोबांच्या पाया पडतो, मग त्यांना सांभाळायला भारतात कायदा कशाला लागतो?" असं परवा विचारलंस. प्रश्न अडचणीचा आहे, म्हणून सावकाश लिहितोय.

पाया पडायला दोन सेकंद लागतात. सांभाळणं म्हणजे गोळ्यांची पट्टी संपत आली की आजीने मागायच्या आधी नवी आणणं, आणि घरातल्या निर्णयात 'तुम्हाला काय कळतंय त्यातलं' असं न म्हणणं. वाकून नमस्कार करणाऱ्या घरांतही हे राहून जातं. म्हणून 2007 साली कायदा झाला. ज्यांचं स्वतःच्या कमाईत किंवा मालमत्तेत भागत नाही, ते आई-वडील मुलांकडून निर्वाहखर्च मागू शकतात. महाराष्ट्रात हा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे महसूल खात्याच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे जातो. कमाल रक्कम महिन्याला 10,000 रुपये. औषधपाणी आणि सोबतीला बाई धरली तर अगदीच तुटपुंजी.

मला त्यातलं घराचं कलम सगळ्यात मोलाचं वाटतं. 'शेवटी सगळं पोरांचंच' म्हणत आपले लोक हयातीतच घर मुलाच्या नावावर करून देतात. बक्षीसपत्रावर सही झाली की काही घरांत आजोबांची कॉट हॉलमधून गॅलरीत जाते. सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि पुढे सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. पण ती अट कागदावर असलेली बरी, आणि नेमकं तिथेच आपल्याला अवघडतं. पोटच्या पोराकडून काय लिहून घ्यायचं!

आणि हो, जबाबदारी फक्त मुलग्यांची नाही. लग्न झालेल्या मुलीवरही ती आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्येच सांगितलंय. 'लेक परक्याचं धन' म्हणणाऱ्या मावश्यांना हे जरूर ऐकव.

सगळेच हक्क भांडून घ्यावे लागत नाहीत. 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटी फुकट आहे. आजी आता कुणापुढे हात न पसरता, मनात आलं की पिशवी उचलून बहिणीकडे जाते. मला हे फार आवडतं.

हा कायदा परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे, म्हणजे मलाही. गावचं घर विकायचं का, यावर मी आणि काका गेले काही दिवस आपसातच बोलतोय. या रविवारच्या फोनवर आजोबांनाही घेतोय. घर त्यांचं आहे. तूही बस ऐकायला.

तुझा,
बाबा