वाचक विचारतात: रस्त्याकडेचा चर, गाळ आणि तवंग

प्रश्न: आमच्याकडे रस्त्याकडेचा चर दरवर्षी पावसाच्या तोंडावर मशीन लावून साफ करतात, एकदम चकाचक. तरी पहिल्याच जोरदार पावसात कडा ढासळतात आणि मोरी गाळाने भरून जाते. असं का?

साफ करूनही भरते असं नाही हो, तसं साफ केल्यामुळेच भरते! मोरीतला बराचसा गाळ रस्त्यावरून आलेला नसतो, तो चराच्याच कडांचा असतो. गवत मुळासकट खरवडलं की उघडी माती उरते आणि लगेच पाऊस. जरा हिशोब करा, ७ मीटर रुंद रस्त्याचा १ किलोमीटर तुकडा धरला आणि त्यावर फक्त १० मिलिमीटर पाऊस पडला तरी ७० हजार लिटर पाणी होतं, आणि डांबर काही पीत नाही, त्यामुळे जवळपास सगळंच चरात उतरतं.

म्हणून सफाई तळापुरतीच करायची. चराची जेवढी खोली आहे तिचा खालचा एक तृतीयांश भाग मोकळा करायचा, वरच्या कडांच्या गवताला हातच लावायचा नाही. कॅनडातल्या क्युबेकमध्ये ही पद्धत रीतसर वापरतात आणि त्यात खर्चही कमी, कारण माती कमी काढावी लागते. सगळा चर एका दमात न काढता तुकड्या-तुकड्याने काढा, आणि गवत परत फुटायला वेळ मिळेल अशा बेताने, पाऊस डोक्यावर आल्यावर नाही. जिथे माती उघडी पडलीच असेल तिथे बी टाकून वर काथ्याची जाळी अंथरा.

आकारही बघा. व्ही आकाराचा चर खणायला सोपा म्हणून सगळीकडे तोच दिसतो, पण त्यात पाणी एका रेषेत गोळा होऊन तळ कापत सुटतं. तळ सपाट हवा आणि कडा तिरक्या, १ मीटर उंचीला ३ मीटर आडवं असा ढाळ असला तर उत्तम. एवढी जागा नसते हे मान्य, मग निदान वळणावर आणि मोरीच्या तोंडाशी दगडाचं पिचिंग (कडेला-तळाला दगड बसवून अस्तर) करा.

उतार जास्त असेल, म्हणजे १०० मीटरला ४ मीटरच्या वर, तर मध्ये मध्ये सुट्या दगडांचे छोटे बांध घाला. इथे एक चूक हमखास होते, बांधाचा माथा सरळ सपाट ठेवतात किंवा मधेच उंच करतात, मग पाणी बाजूने वाट काढतं आणि कड खातं. बांध मध्यभागी खोलगट पाहिजे आणि दोन्ही टोकं कडांमध्ये घुसवलेली. अंतर किती ठेवायचं? खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या लेव्हलला येईल एवढं.

प्रश्न: चरातलं पाणी पुढे ओढ्यात जातं, त्यावर रंगीत तवंग दिसतो. नुसत्या गवताने हे पाणी शुद्ध होतं का?

आधी तवंगाला काडीने डिवचून बघा. पापुद्र्यासारखे तुकडे होऊन तसेच राहिले तर ते लोह खाणाऱ्या बॅक्टेरियाचं काम, घाबरायचं कारण नाही. फिरून परत एकत्र जुळला तर तेल.

गवताने अर्धं काम होतं, पण ते अर्धं महत्त्वाचं आहे. माती, आणि मातीला चिकटलेलं टायरमधलं जस्त, ब्रेकमधलं तांबं, हे गवतात अडकून खाली बसतं, थोडं तेल मातीतले जिवाणू मोडतात. पण त्यासाठी पाण्याची पातळी गवताच्या उंचीच्या खाली पाहिजे आणि पाणी चरात नऊ-दहा मिनिटं तरी रेंगाळलं पाहिजे. गवत १०-१५ सेंटीमीटर ठेवा, तणनाशक मारू नका (मारलं की तेच पहिल्या पावसात ओढ्यात). पाण्यात विरघळलेलं नायट्रेट आणि मीठ मात्र गवत अडवत नाही, तेव्हा हे पाणी थेट विहिरीत सोडायचा विचार असेल तर तो सोडा.

यापेक्षा जास्त हवं असेल तर तळातली माती काढून अर्धा-पाऊण मीटर वाळू आणि कंपोस्टचं मिश्रण भरतात, खाली भोकांचा पाईप. कंपोस्ट जास्त घालू नका, त्यातूनच फॉस्फरस झिरपतो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर कोहो सॅल्मन मासे पावसानंतर का मरतात हे कोडं बरीच वर्षं होतं, २०२० मध्ये त्याचं कारण टायरच्या रबरातल्या एका रसायनापासून बनणारा पदार्थ निघाला, आणि असल्या वाळू-कंपोस्टच्या थरातून पाणी गाळलं की मासे वाचतात असंही प्रयोगांत दिसलंय.

प्रश्न: पाणी थांबवलं तर डास होणार नाहीत का?

तीन दिवसांत जिरलं तर नाही, अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा लागतो. त्याहून जास्त दिवस साचत असेल तर मोरीचा तळ चरापेक्षा उंच बसवलाय का ते बघा, बहुतेक तेच निघेल. डास मारायला म्हणून जळकं ऑइल ओतू नका.

प्रश्न: त्यापेक्षा पाईप टाकून चर बुजवूनच टाकला तर?

गाडी आत घ्यायला फाटकापुढे जेवढा लागतो तेवढाच टाका. पाईपात पाणी जिरत नाही, गवतात अडतो तसा गाळ अडत नाही, वेग वाढतो, आणि मधेच तुंबला तर कुठे तुंबला हे शोधायला परत सगळं खोदावं लागतं.