परिचारिका टिकवण्यासाठी बंधपत्र घ्यावे का?

तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या आपल्या चाळीस खाटांच्या रुग्णालयात परिचारिका वर्षभरही टिकत नाहीत, म्हणून दोन वर्षांचे बंधपत्र लिहून घेऊन मूळ प्रमाणपत्रे कार्यालयात ठेवावीत काय, असे आपण विचारले आहे. हाच उपाय एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात मेट्रन, म्हणजे परिचारिकांची प्रमुख, असताना मी जवळून पाहिला, म्हणून सविस्तर लिहिते. पगार ठरल्या तारखेला होतो आणि नियुक्तिपत्र पहिल्या दिवशी मिळते, हे गृहीत धरले आहे.

आमच्या व्यवस्थापनाने माझा विरोध डावलून जीएनएमच्या (परिचारिका पदविकेच्या) गुणपत्रिका आणि कौन्सिलची, म्हणजे राज्याच्या परिचर्या परिषदेची, नोंदणी प्रमाणपत्रे कपाटात ठेवायला सुरुवात केली. शासकीय भरतीच्या कागदपत्र तपासणीला मूळ प्रती लागतात. त्या मागायला गेलेल्या मुलीला आधी राजीनाम्याबद्दल छेडले जाई आणि राजीनामा दिलाच, तर नोटिशीच्या काळाचे पैसे भरेपर्यंत अनुभवाचा दाखला मिळत नसे. परिणाम असा झाला, की ज्यांच्या मनात सोडण्याचा विचारही नव्हता त्यांनीसुद्धा घरचे काही कारण सांगून कागद सोडवून घेतले आणि त्या परत आल्या नाहीत. आसपासच्या नर्सिंग महाविद्यालयांत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही, अर्ज येणे बंद झाले, उरलेल्यांवर डबल ड्यूटी पडू लागली आणि अतिदक्षता विभाग सांभाळणाऱ्या जाणत्या सिस्टरही गेल्या. एवढे होऊनही विश्वस्तांच्या बैठकीत दोष मुलींच्या निष्ठेलाच दिला गेला, याचा राग मला अजून येतो.

पगाराबाबत स्पष्टच सांगते. राज्य शासनाच्या सेवेत अधिपरिचारिकेचे (स्टाफ नर्सचे) मूळ वेतनच ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांसाठी दरमहा किमान २०,००० रुपयांची शिफारस केली होती, आणि तीही अनेक ठिकाणी पाळली जात नाही. शासकीय नोकरी लागली की मुलगी जाणारच. ती जाईपर्यंतची वर्षे आपल्याकडे नीट काढील, एवढेच आपल्या हातात आहे.

त्यासाठी माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट ड्यूटी चार्ट. तो महिना सुरू होण्याआधी लागावा, नाइटनंतरचा ऑफ कोणत्याही सबबीखाली रद्द होऊ नये आणि बिलिंगचे किंवा औषधे आणण्याचे काम सिस्टरच्या गळ्यात पडू नये. डॉक्टरांनी नातेवाइकांसमोर सिस्टरला झापणे हे तर मी राजीनाम्याचे पत्रच समजते. कौन्सिलच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना सतत शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. त्या कार्यशाळांचे शुल्क रुग्णालयाने भरून तो दिवस ड्यूटीचा धरला, तर खर्च किरकोळ आणि आपुलकी मोठी.

आणखी एक, थोडे बाजूचे. मारहाण किंवा धमकीचा प्रसंग घडला, तर तक्रार रुग्णालयाने स्वतःच्या नावाने द्यावी. राज्याच्या २०१० च्या कायद्याखाली हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, पण एकट्या सिस्टरला पोलीस ठाण्यात पाठवून प्रशासन मागे राहते, तिथे ती पुढची नाइट करायला राजी नसते.

मी वकील नाही, त्यामुळे बंधपत्राच्या कायदेशीर बाजूसाठी जाणकाराचा सल्ला जरूर घ्यावा. शिवाय माझा अनुभव मध्यम आकाराच्या रुग्णालयाचा आहे, मोठ्या शहरांतील साखळी रुग्णालयांचे गणित वेगळे असू शकते. मात्र काही प्रमाणपत्रे आपल्याकडे आधीच जमा असतील, तर पोच घेऊन याच आठवड्यात परत करावीत. आपल्या दप्तरासाठी मूळ प्रत पाहून साक्षांकित केलेली छायाप्रत पुरेशी आहे.